आजार उघड, नाव गुप्त

साक्रीच्या एसटी स्टँडवरून सकाळी धुळ्याला निघणाऱ्या गाडीत कोण कशासाठी चाललंय, हे निम्म्या गाडीला ठाऊक असतं. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाला पोराची कॉलेजची फी भरायची असते, कुणाचे कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले असतात. त्याच गाडीत तिशीतला एक माणूस बसलाय, अशी कल्पना करू. आठ दिवसांपासून त्याला लघवीला जळजळ होतेय, कपड्याला पू लागतोय. साक्रीतलं ग्रामीण रुग्णालय घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पण केसपेपरच्या रांगेत शेजारची माणसं उभी असतात आणि औषधाच्या खिडकीशी बहिणीच्या मैत्रिणी भेटतात. म्हणून तो पन्नासेक किलोमीटर लांब निघालाय. पलीकडच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "काय भाऊ, आज धुयाले?" तो म्हणतो, "काही नही, जरा काम शे."

धुळ्यात उतरल्यावर भिंतीवर रंगवलेली मोठी अक्षरं त्याला दिसतात: गुप्तरोगावर खात्रीचा इलाज. तिथे नाव विचारत नाहीत, तपासणीही करत नाहीत, पैसे मात्र आधी घेतात. काढ्याच्या बाटल्या घेऊन तो संध्याकाळी परततो. जळजळ काही दिवसांनी आपोआप कमी झाली, तर बरं झालो असं त्याला वाटेल. तोवर तोच संसर्ग बायकोला गेलेला असेल, आणि तिला बहुधा काही त्रासही जाणवणार नाही.

हा माणूस कल्पनेतला असला तरी त्याचा रस्ता खरा आहे. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर या गावांतूनही लोक याच रस्त्याने जातात, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात असा एक रस्ता असतो. या प्रकरणात जंतूंबद्दल थोडं बोलू. जास्त बोलायचं आहे ते त्या पन्नास किलोमीटरांबद्दल.

बोट नेहमी दुसऱ्याकडे

आपल्या बोलीत या आजारांना जुनी नावं आहेत. सिफिलिस म्हणजे गरमी किंवा उपदंश, गोनोरिया म्हणजे परमा, जांघेतली गाठ म्हणजे बद. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी लिहिलेल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात सिफिलिससाठी 'फिरंग' हे नाव आलं, कारण हा रोग फिरंग्यांकडून आला अशी त्या काळची समजूत होती. गंमत म्हणजे स्वतः फिरंगीही हेच करत होते. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, आणि तुर्क लोक तो ख्रिश्चनांच्या गळ्यात बांधत. १५३० मध्ये फ्राकास्टोरो या इटालियन वैद्याने एका दीर्घकाव्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ रंगवला. देवाचा अपमान केला म्हणून त्याला हा रोग जडतो. त्या मेंढपाळावरून रोगाचं आजचं नाव पडलं. म्हणजे नाव ठेवतानाच शिक्षेची कल्पना त्यात शिरली.

खरं कारण कळायला १९०५ साल उजाडलं. शाउडिन आणि हॉफमन या जर्मन संशोधकांना मळसूत्राच्या आकाराचा एक जंतू सापडला. १९१० मध्ये पाऊल एर्लिख यांचं साल्व्हरसान हे औषध आलं, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने सिफिलिसचे रुग्ण बरे करून दाखवले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या सिफिलिसला आजही पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. जंतूला पापपुण्य कळत नाही, त्याला ओलसर त्वचा आणि संधी एवढंच लागतं. टायफॉइड झालेल्या माणसाला आपण कुठलं पाणी प्यायलास असं विचारतो, आणि उत्तर कळल्यावर त्याला वाळीत टाकत नाही. इथे मात्र उत्तर कळायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

किती माणसांचा हा निकाल लावायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभर क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनियासिस या चार आजारांचे ३७ कोटींहून अधिक नवे संसर्ग झाले. म्हणजे रोज दहा लाखांच्या वर. हे चारही औषधाने बरे होतात. जननेंद्रियांवरच्या हर्पिसचा विषाणू १५ ते ४९ वयातल्या दर पाच माणसांमागे एकाच्या शरीरात आहे, असं हीच संघटना सांगते. तो शरीरातून जात नाही, पण औषधाने काबूत राहतो, आणि तो असलेली माणसं संसार करतात, मुलं वाढवतात. इतक्या सर्वत्र असलेल्या गोष्टीला आपण 'गुप्त' म्हणतो.

मराठीत हे उघड बोलणारा माणूस

या विषयावर मराठीत पहिल्यांदा सातत्याने आणि स्पष्ट बोलले ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यांच्या मतांमुळे त्यांना कॉलेज सोडावं लागलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवलं. पत्नी मालतीबाई सगळ्या हालअपेष्टांत सोबत होत्या.

या मासिकाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. जे बापाला विचारता येत नव्हतं, डॉक्टरपुढे ज्याचा उच्चार होत नव्हता, ते लोक पोस्टाने कर्व्यांना विचारत. कर्वे त्याचं थेट, शास्त्रीय उत्तर छापत. प्रश्न सगळ्यांसाठी उघड व्हायचा, विचारणाऱ्याचं नाव मात्र झाकलेलं राहायचं. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. वाचक लैंगिक विषयावर विचारत असतील तर उत्तरही त्याच विषयावर असणार, ज्ञान देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला कर्वे हरले, त्यांना दंड झाला, आणि मासिक चालू राहिलं.

लाजेवर उपाय काय, याचं अर्धं उत्तर त्या पत्रव्यवहारात आहे. आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायचं, आणि ज्याला तो झाला त्याचं नाव सांभाळायचं. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. आजाराबद्दल सगळे गप्प असतात, आणि माणसाचं नाव गावभर होतं.

आधी सापडली, म्हणून दोषी

नाव गावभर होतं तेव्हा ते बहुतेक वेळा बाईचं असतं. त्याचं एक साधं कारण आहे. पुरुषाला त्रास झाला तर तो धुळ्याला जाऊन गुपचूप इलाज करतो. बाईची तपासणी मात्र गरोदरपणात होते. प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करणं हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे, आणि तो अत्यंत गरजेचा आहे. उपचार न झालेल्या सिफिलिसमुळे बाळ पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. वेळेवर उपचार झाले तर बाळ वाचतं.

आता घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. नवराबायको ऊसतोडीहून परतलेत, तिला सातवा महिना आहे. आशाताईंच्या सांगण्यावरून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, रक्त देते आणि अहवालात संसर्ग निघतो. घरातला पहिला कागद तिच्या नावाचा. नवऱ्याची तपासणी झालेलीच नाही, म्हणून तो निर्दोष. ओट्यावर बसलेली सासू म्हणते, "हिनंच लयनं हाई," म्हणजे हिनेच हे आणलं. माहेरचे म्हणतात, "लोके काय म्हनतीन?" दोन्हीकडून तिच्या बाजूला कुणी नसतं.

पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्या स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही दर शंभरांत सुमारे १४ जणींना एचआयव्हीचा संसर्ग निघाला. यांतल्या बहुसंख्य विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. तपासणी आधी कुणाची झाली यावरून संसर्ग कुणाकडून आला हे ठरत नाही. प्रत्येक आशाताईने आणि प्रत्येक परिचारिकेने हे वाक्य सासूला, नवऱ्याला आणि माहेरच्यांना सांगायला हवं.

बाईचं मौन किती खोल असतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्यांतले निम्मे त्रास संसर्गाचे होते. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८. अंगावरून जाणं, कंबर दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना होणं हे सगळं 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून त्या सोसत होत्या. डॉक्टर बाई गावात आल्या, ओसरीवर बसल्या, त्यांच्या बोलीत बोलल्या, तेव्हा ते बाहेर आलं. पुढे बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचं रुग्णालय उभं करताना आदिवासींचं मत विचारलं गेलं. त्यांना परकी वाटणार नाही अशी झोपड्यांच्या धाटणीची वास्तू झाली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. दाराशी संकोच वाटला नाही तर माणूस आत येतो.

इथे एक खुलासा. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग नव्हे. थोडा स्राव नैसर्गिक असतो. बुरशीसारखे काही त्रास संबंधाशिवायही होतात. वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं ही तपासणीची कारणं आहेत, संशयाची नव्हेत.

गोव्यातले ६४ दिवस

आजार झाकून माणूस उघडा पाडला तर काय होतं, याचं सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं आहे. डॉमिनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन म्हापशाच्या रुग्णालयात गेले. काय झालंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या नोंदवहीत आपल्या नावापुढे 'एड्स' लिहिलेलं दिसलं, तेव्हा त्याला ते कळलं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला कोंडून ठेवण्याची तरतूद होती. त्या आधारे त्याला जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं.

त्याची आई ल्युसी न्यायालयात गेली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मित्रमैत्रिणी रस्त्यावर उतरले. डॉमिनिक सुटला, पण नोकरी गेली. तरीही त्याने तोंड लपवलं नाही. संसर्ग झालेल्या माणसांसाठी तो बोलत राहिला. मे १९९२ मध्ये त्याचं निधन झालं आणि त्याच वर्षी त्याच्या सोबत्यांच्या कामातून 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली.

डॉमिनिकला जे मिळालं नाही, ते आज कायद्याने मिळतं. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला बंदी आहे. अशा माणसांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उपचारही बदलले आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीवरची एआरटी ही औषधं मोफत देतं. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने किंवा डास चावल्याने तर तो कधीच जात नव्हता.

राखाडी पुडा

आता पुन्हा त्या गाडीतल्या माणसाकडे येऊ. तो भिंतीवरची अक्षरं सोडून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात गेला असता, तर तिथे त्याला 'सुरक्षा क्लिनिक' सापडलं असतं. लैंगिक आणि जननमार्गाच्या संसर्गांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने या नावाचे दवाखाने सुरू केले. पाटीवर 'गुप्तरोग' हा शब्द नाही. आत समुपदेशक असतात, दार लावून बोलतात.

या कार्यक्रमात औषधं रंगांच्या पुड्यांत आली, ही साधीशी युक्ती मला फार आवडते. लघवीच्या मार्गातून पू जात असेल तर राखाडी पुडा. योनीमार्गाच्या स्रावासाठी हिरवा. सिफिलिससारख्या जखमेसाठी पांढरा, त्यात इंजेक्शन. हर्पिससाठी लाल. डॉक्टर लक्षणं पाहून रंग ठरवतात. छोट्या दवाखान्यात प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबावं लागत नाही, पहिल्याच भेटीत औषध मिळतं. पहिल्या भेटीतच, कारण लाजेने पोळलेला माणूस दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. आणि खिडकीवर कुणाला आजाराचं नाव उच्चारावं लागत नाही, "राखाडी द्या" एवढं पुरतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही.

जोडीदारासाठीही औषध दिलं जातं. ते घरी पोचलं नाही तर सगळा उपचार पाण्यात जातो, कारण बरा झालेला माणूस चार दिवसांनी पुन्हा तोच संसर्ग घेतो. आणि त्या भिंतीवरच्या जाहिरातीबद्दल एवढंच, की लैंगिक आजार बरे करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

घरी काय बोलायचं

सगळ्यांत अवघड ते शेवटचे पन्नास किलोमीटर, म्हणजे घरी परतायचे. पुडा खिशात आहे, आणि बायकोला सांगायचं आहे.

आधी स्वतःशी बोला. आजार झाला म्हणजे तुम्ही वाईट माणूस ठरत नाही. चूक झाली असेल तर ती वर्तनातली आहे आणि ती सुधारता येते. संसर्ग ही वेगळी गोष्ट आहे, तिला औषध आहे. दोन्हींची गाठ बांधली की माणूस औषधही घेत नाही आणि चूकही सुधारत नाही.

जोडीदाराला सांगताना समुपदेशकाची मदत मागा, दोघांनी मिळून जायचीही सोय असते. आणि सांगताना उपचारापासून सुरुवात करा: "मला संसर्ग झालाय, औषध चालू केलंय. तुलाही घ्यावं लागेल, नाहीतर तुला त्रास होईल. तोवर आपण जपून राहू." हे सांगायला धैर्य लागतं. ऐकणाऱ्याला राग येईल, रडू येईल, आणि तो राग खरा असेल. वाद घालू नका, आधी औषध होऊ द्या. 'कुणी आणलं' याचा तपास घरात बसून लागत नाही. गोनोरिया पुरुषांत बहुधा काही दिवसांत लक्षणं दाखवतो, तर हर्पिस किंवा जननेंद्रियांवर चामखीळ आणणारा एचपीव्ही विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, लग्नाच्या आधीपासूनही. आज लक्षण दिसलं म्हणजे काल काही घडलं, असा अर्थ निघत नाही. घरात मारहाणीची भीती असेल तर मात्र एकटीने सांगू नका. आधी समुपदेशकाशी बोला.

जखम आपोआप भरली म्हणून थांबू नका. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाविना भरते, जंतू मात्र आतच राहतो. सोबत एचआयव्हीची तपासणी करून घ्या. कुठे जावं हे कळत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव न सांगता विचारता येतं.

आणि ज्यांना हा आजार झालेला नाही, त्यांना एक विनंती. कधीतरी कुणाचा कागद तुमच्या नजरेस पडेल, रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसेल, कुणीतरी विश्वासाने सांगेल. त्या दिवशी ती गोष्ट तुमच्यापाशीच थांबू द्या. बायकोला नको, मित्राला नको, पारावर तर नकोच. साक्रीतल्या माणसाला साक्रीतल्याच दवाखान्यात जाता यावं, यासाठी औषध तयार आहे, डॉक्टर आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती फक्त दुसऱ्याच्या नावाबद्दल आपण गप्प राहण्याची.